इ. स. १८५२ : एरंडोलच्या बांधावरून

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात 'अव्वल इंग्रजी' हा कालखंड १८१८ पासून १८७४ पर्यंतचा मानण्याची रूढी आहे. पेशवाईच्या अस्तापासून 'निबंधमाले'च्या आरंभापर्यंतची ही छप्पन्न वर्षे. पदव्युत्तर परीक्षेत या कालखंडावर येणारा प्रश्न ठरलेला असतो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते. ब्रिटिश राजवटीचा मराठी वाङ्मयावर कोणता परिणाम झाला? उत्तरात छापखाना येतो, मोल्सवर्थचा १८३१ चा कोश येतो, मेजर कँडी येतात, जांभेकरांचे 'दर्पण' येते, शाळाखाते आणि क्रमिक पुस्तके येतात आणि शेवटी १८५७ चे 'यमुनापर्यटन' येते. एरंडोलच्या वा चोपड्याच्या विद्यार्थ्याने लिहिलेले उत्तर आणि पुण्याच्या पेठेतील विद्यार्थ्याने लिहिलेले उत्तर यांत हस्ताक्षराचा काय तो फरक असतो. दोघांना सारखे गुण मिळतात, आणि त्यात गैर काही नाही, कारण उत्तर चुकीचे नसते. ते कोठे उभे राहून दिलेले आहे, एवढेच कोणी विचारीत नाही.

'दृष्टिकोन' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. भिन्न दृष्टिकोनांतून इतिहासाचा अभ्यास करावा, असे आता सर्वच चर्चासत्रांत म्हटले जाते. आणि त्याचा प्रत्यक्ष अर्थ बहुधा इतकाच होतो की, एका प्रकरणात साम्राज्यवादी मत सांगावे, दुसऱ्यात राष्ट्रवादी, तिसऱ्यात मार्क्सवादी, आणि हल्लीच्या प्रथेप्रमाणे शेवटी एखादे वंचितांचे प्रकरण जोडावे. पण 'कोन' हा शब्द मोजणीशास्त्रातलाही आहे. ज्या बिंदूवरून कोन मोजला तो बिंदू सांगितल्यावाचून त्या कोनाला अर्थ राहत नाही, हे कोणताही मोजणीदार सांगेल. मोजणीदाराचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. एरंडोलच्या इतिहासात ब्रिटिश राजवट ज्या रूपाने घराघरांत आणि शेताशेतांत शिरली, ते रूप मोजणीदाराचेच होते.

१८५२ हे एकच वर्ष घ्यावे. त्या वर्षी २६ ऑगस्टला मुंबईत 'बॉम्बे असोसिएशन' स्थापन झाली. नाना शंकरशेट, दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी यांच्या या संस्थेने राज्यकारभारातील उणिवांबद्दल पार्लमेंटकडे अर्ज पाठविला. पश्चिम हिंदुस्थानातील सनदशीर राजकारणाचा हा आरंभ, असे पाठ्यपुस्तके सांगतात. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला पुण्यात विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुले यांचा स्त्रीशिक्षणाच्या कार्याबद्दल सरकारी सन्मान झाला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस खानदेशात सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या भागांतील शेतकऱ्यांनी जमिनीच्या नव्या मोजणीला विरोध केला. मोठे जमाव जमले, मोजणीचे काम बंद पडले, आणि ते पुन्हा सुरू करण्यासाठी फौज आणावी लागली. पुढारी पकडले गेले. मोजणी पुरी झाली.

पहिली घटना राजकीय इतिहासात आली, दुसरी सामाजिक सुधारणेच्या इतिहासात. तिसरी महसुलाच्या इतिहासातली एक अडचण म्हणून नोंदली गेली. तिन्ही घटनांत सरकार एक, वर्ष एक, इलाखा एक. पहिल्या दोहोंत एतद्देशीय माणसे नावानिशी उभी आहेत. तिसऱ्यात 'जमाव' आहे.

या जमावाने नेमके कशाला नकार दिला, हे समजून घेण्यासाठी मोजणीची पद्धत थोडी तपशिलात पाहिली पाहिजे. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तर अधिकच, कारण ती एक चिन्हव्यवस्था होती. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात ही पद्धत प्रथम अमलात आणली आणि १८४७ साली डेव्हिडसन यांच्यासह लिहिलेल्या संयुक्त अहवालात तिचे नियम कायम केले. मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची. तिचे सोळा भाग, आणि प्रत्येक भागाला नाव 'आणा'. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तुकडा म्हणजे गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. मापाचे एक टोक अशा रीतीने इंग्रजी एकराला जोडलेले आणि दुसरे टोक देशी रुपयाच्या सोळा आण्यांना. मापानंतर प्रतवारी. शेतात खड्डा घेऊन मातीचा रंग, पोत व खोली पाहायची. पावणेदोन हात खोल, एकजिनसी काळी जमीन म्हणजे सोळा आणे. खोली कमी होईल तसतसे आणे उतरत जायचे, आणि चुनखडी, वाळू, उतार असे दोष आढळले की प्रत आणखी खाली यायची. प्रत्येक शेताला एक क्रमांक आणि त्या क्रमांकापुढे तीस वर्षांसाठी कायम केलेला सारा. या साऱ्याला शब्द योजला गेला 'आकार'.

हा शब्द मुद्दाम थांबून पाहण्यासारखा आहे. आकार म्हणजे रूप आणि आकार म्हणजे सरकारी देणे, हे दोन्ही अर्थ मराठीत शेजारी शेजारी नांदतात. ज्या शेताला पूर्वी माणसाचे, झाडाचे, ओढ्याचे किंवा देवाचे नाव होते, त्याला आता आकार आला, म्हणजे दोन्ही अर्थांनी आला. जुना बिघा गावागणिक बदलत असे, आणि त्या बदलण्यात गावाचे स्वतःचे काही राजकारण असे. पाटील, कुळकर्णी, देशमुख आणि रयत यांच्यामधल्या जुन्या देण्याघेण्याचा, उपकारांचा आणि अन्यायांचाही तो हिशेब होता. तेहेतीस फुटी साखळीने हा सैलपणा आवळून घेतला. शेतकऱ्याला भय सारा वाढण्याचे होतेच. पण आपली जमीन कशी आहे हे सांगण्याचा अधिकार बाहेरून आलेल्या, खड्डा खणून माती चोळून पाहणाऱ्या माणसाकडे जातो आहे, हेही त्याला दिसत असले पाहिजे.

येथे राष्ट्रवादी वाचन सोयीचे वाटते : परकीय सरकार, पीडित रयत, उत्स्फूर्त उठाव. तितकेच सोयीचे सरकारी वाचनही आहे : शास्त्रशुद्ध व सौम्य आकारणी, तिच्याविषयी अज्ञ लोकांचा गैरसमज, आणि त्यांना चिथावणारे स्वार्थी वतनदार. ही दोन वाचने एकमेकांच्या विरुद्ध आहेत असे आपण समजतो. त्यांची रचना मात्र एकच आहे. दोहोंतही शेतकरी एकसंध आहे, दोहोंतही त्याला स्वतःचा विचार नाही. एकात तो भावनेने उठतो, दुसऱ्यात चिथावणीने. रणजित गुहा यांनी १९८३ साली 'सबाल्टर्न स्टडीज'च्या दुसऱ्या खंडात 'द प्रोज ऑफ काउंटर-इन्सर्जन्सी' या निबंधात दाखविले ते हेच. घटनेच्या धुमाळीत लिहिलेला अधिकाऱ्याचा खलिता, नंतर निवांतपणे लिहिलेला गॅझेटियरसारखा वृत्तांत, आणि त्याहून पुढच्या काळातील सहानुभूतिशील इतिहासकाराचा ग्रंथ, हे गद्याचे तीन थर एकाच व्याकरणावर उभे असतात. बंडखोराची बाजू घेणारा इतिहासकारही त्याचे मन त्याला परत देत नाही.

गुहांचे हे विवेचन मुख्यतः बंगाल-बिहारकडील सामग्रीवर बेतलेले आहे. खानदेशाला ते लावून पाहताना काही धागे अधिक गुंततात, आणि ते गुंतलेले तसेच दाखविणे हे अभ्यासकाचे काम आहे.

पहिला धागा वतनदारांचा. १८५२ च्याच अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला कायद्याचे अधिष्ठान मिळाले आणि जुन्या इनामांचे दाखले तपासण्याचे काम धडाक्याने सुरू झाले. देशमुख-पाटलांना मोजणीची साखळी आणि इनामाची चौकशी ही एकाच हाताची दोन बोटे वाटली असतील तर त्यात नवल नाही. त्यांचा विरोध स्वार्थाचा होता, हे सरकारचे म्हणणे खोटे म्हणता येत नाही. मात्र स्वार्थ असलेल्या माणसाचे गाऱ्हाणे त्यामुळे आपोआप खोटे ठरत नाही, आणि पाटलाच्या मागे गेलेल्या कुणब्याला स्वतःचे कारण नव्हते असेही सिद्ध होत नाही. शिवाय या कमिशनच्या कामात पुढे 'शतपत्रे' लिहिणारे गोपाळ हरी देशमुखही होते. अव्वल इंग्रजी गद्याचा एक मानदंड आणि इनामांची तपासणी, ही दोन्ही कामे एकाच लेखणीने केली, हे वाङ्मयेतिहासात चरित्राचा किरकोळ तपशील म्हणून येते. तो किरकोळ नाही.

दुसरा धागा भिल्लांचा. एरंडोलपासून जवळच धरणगाव आहे. इंग्रजांची वखार तेथे १६७४ साली पडली आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने ते गाव लुटले. म्हणजे खानदेशाचा आणि इंग्रजांचा संबंध १८१८ च्या कितीतरी आधीचा. त्याच धरणगावात १८२५ पासून जेम्स आउट्रामने भिल्ल तरुणांची पलटण उभी केली. 'रानटी' भिल्लांना 'माणसाळविल्या'ची ही कथा इंग्रजी ग्रंथांतून मोठ्या अभिमानाने येते. १८५२ मध्ये शेतकऱ्यांचा विरोध मोडून काढण्यासाठी जी बळे वापरली गेली त्यांत ही भिल्ल पलटण होती. आता या प्रसंगी 'एतद्देशीयांचा दृष्टिकोन' कोणता म्हणायचा? बांधावर उभ्या राहिलेल्या कुणब्याचा, की त्या कुणब्याच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या डोंगराकडे रेटलेल्या आणि आता सरकारी गणवेश घालून खाली उतरलेल्या भिल्ल शिपायाचा? आणि भिल्लांचाही एक दृष्टिकोन कोठे आहे? सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा सरकारी नोकर खाज्या नाईक १८५७ मध्ये सरकारविरुद्ध उठला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणीच्या लढाईत भिल्ल इंग्रजांशी लढले, आणि इंग्रजांच्या बाजूलाही भिल्ल पलटण होती. 'वंचितांचा आवाज' असा एकवचनी प्रयोग करणाऱ्याने आंबापाणीचा विचार जरूर करावा.

तिसरा धागा सर्वांत अडचणीचा, कारण तो प्रत्यक्ष साहेबाचा आहे. खानदेशच्या मोजणीमागचा प्रमुख माणूस जॉर्ज विंगेट. ज्या १८५२ साली त्याच्या साखळीमुळे एरंडोल-सावद्याकडे फौज धाडावी लागली, त्याच वर्षी त्याने सावकार आणि कर्जदार यांच्यातील कायद्याबद्दल सरकारला इशारा देणारे टिपण लिहिले होते. नवी न्यायालये सावकाराच्या हाती शस्त्र देत आहेत आणि रयत नागवली जात आहे, असा त्याचा रोख होता. १८७५ साली सुप्याला कर्जरोख्यांची होळी झाली तेव्हा दख्खनच्या दंग्यांच्या चौकशी आयोगाने ते जुने लेख पुन्हा वर काढले. याच विंगेटने निवृत्तीनंतर, १८५९ साली, हिंदुस्थान व इंग्लंड यांच्या आर्थिक संबंधांवर पुस्तिका लिहून हिंदुस्थानकडून घेतल्या जाणाऱ्या खंडणीवर कठोर टीका केली. दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांनी आपल्या प्रतिपादनाला आधार म्हणून त्याचा हवाला दिला. राष्ट्रवादी अर्थविचाराचा एक साक्षीदार हा एरंडोलच्या शेतकऱ्याने ज्याची साखळी अडविली तोच माणूस आहे. 'ब्रिटिश दृष्टिकोन' या शब्दाचे काय करायचे, असा प्रश्न येथे पडावा.

खरे तर खुद्द ब्रिटनच्या इतिहासातही हा दृष्टिकोन कधी एकजीव नव्हता. १८१८ च्या फेब्रुवारीत तापीकाठच्या थाळनेरला सर टॉमस हिस्लॉपने किल्लेदाराला फाशी दिले आणि शिबंदीची कत्तल झाली. दुसऱ्या वर्षी पार्लमेंटमध्ये फौजेचे आभार मानण्याचा ठराव आला, तेव्हा या फाशीवर तेथेच आक्षेप घेतले गेले. जमिनीच्या खंडाचा जो सिद्धांत पुणे प्रांतात प्रिंगलच्या मोजणीमागे होता तो रिकार्डोचा, आणि तो शिकविला जात होता हेलिबरीच्या कॉलेजात, जेथे माल्थस अध्यापक होता. प्रिंगलची मोजणी फसली. विंगेटने तिच्यातून धडा घेऊन व्यवहारी पद्धत बनविली. म्हणजे एरंडोलच्या शेतातला खड्डा हा इंग्लंडच्या बौद्धिक इतिहासाचाही भाग आहे. त्याच काळात खुद्द इंग्लंडमध्ये गावोगावची सामाईक कुरणे पार्लमेंटच्या कायद्यांनी मोजून, कुंपणे घालून खासगी केली जात होती. १८०९ च्या अशाच एका कायद्याने हेल्पस्टन गावाचे रान बंद झाले आणि त्या गावच्या जॉन क्लेअर या शेतमजूर कवीने ते दुःख कवितेत मांडले. इंग्रजी वाङ्मयाचा विद्यार्थी क्लेअर वाचतो. मराठीचा विद्यार्थी अव्वल इंग्रजी कालखंड वाचतो. हेल्पस्टनची जरीब आणि एरंडोलची साखळी एकाच तासाला फळ्यावर येत नाहीत, याचे कारण विषयांच्या वेळापत्रकापलीकडे काही नाही.

मराठी इतिहासलेखनाने साहेबाच्या इतिहासाला उत्तर देण्याचे काम लवकर आणि जोमाने केले, यात शंका नाही. ग्रँट डफचा ग्रंथ १८२६ चा. कॅपनने त्याची मराठी 'बखर' केली, आणि १८६७-६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थिदशेतील तरुणाने तिच्यावर टीका लिहिली. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करून या उत्तराला कागदपत्रांचा पाया दिला. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून तेथेच आहे. पारोळ्यावरून एरंडोल तेथून काही दूर नाही. तरीही कीर्तने ते राजवाडे या परंपरेने मुख्यतः राज्याचा इतिहास साहेबाच्या हातून परत घेतला. शेताचा इतिहास घेतला नाही. ग्रँट डफला खोटे पाडण्यासाठी सनदा, पत्रे, करीने लागत होते. सारा आणि बांध यांच्या कागदांत पराक्रम नव्हता.

शेताचा इतिहास लिहिला तो फुल्यांनी. १८८३ चा 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ दर तीस वर्षांनी होणाऱ्या पैमाशीच्या निमित्ताने सारा कसा वाढतो, गोरा अधिकारी कसा ऐषारामात असतो आणि मधला भटकामगार रयतेला कसा नागवतो, हे एका दमात सांगतो. १८५२ साली ज्यांना सरकारने शाल दिली त्यांनीच तीस वर्षांनी सरकारच्या मोजणीवर आसूड ओढावा, यात विसंगती शोधणारे आहेत. ती विसंगती मानली तर फुले समजणार नाहीत. शाळा आणि साखळी एकाच सरकारने आणल्या, आणि त्यांपैकी एक हवी व दुसरी नको असे म्हणण्याचा अधिकार शेतकऱ्याला आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. बॉम्बे असोसिएशनच्या अर्जापासून एरंडोलच्या जमावापर्यंतचे अंतर पुढे कोणी चालून पार केले असेल, तर ते फुल्यांच्या गद्याने केले. आणि हे गद्य आपल्या कालविभागणीत १८७४ नंतर येत असल्यामुळे 'अव्वल इंग्रजी'च्या प्रश्नात बसत नाही!

वाङ्मयाच्या अभ्यासकाला यात करण्यासारखे काय आहे? इतिहासकाराचे काम त्याने अंगावर घेऊ नये; दप्तरे धुंडाळण्याची शिस्त वेगळी असते. पण वाक्य कसे चालते हे पाहणे त्याचेच काम आहे. मुंबईच्या पुराभिलेखागारातील महसुली पत्रव्यवहाराची मुख्य भाषा इंग्रजी. रयतेचा अर्ज मोडीत लिहिलेला, बोललेला शब्द अहिराणीत किंवा पूर्वेकडच्या लेवा बोलीत. त्या बोलीतून कारकुनाच्या मराठीत, त्या मराठीतून साहेबाच्या इंग्रजीत, आणि तेथून गॅझेटियरच्या परिच्छेदात असा शब्दाचा प्रवास झाला आहे. खानदेशचा खंड १८८० साली, म्हणजे घटनेनंतर अठ्ठावीस वर्षांनी निघाला. या प्रवासात कर्तरी वाक्ये कर्मणी झाली, 'आम्ही' चे 'ते' झाले आणि नकाराचा 'दंगा' झाला. पुढे आपण 'दंगा' खोडून 'उठाव' लिहिला. वाक्याचा कर्ता मात्र तसाच हरवलेला राहिला.

दुसरे असे की, संहिता कशाला म्हणायचे याचा निर्णय नव्याने करावा लागेल. अव्वल इंग्रजीतील सर्वांत अधिक लिहिले गेलेले मराठी गद्य कोणते? 'दर्पण' वा 'प्रभाकर' वाचणारे काही शेकड्यांत असतील. मोजणीचे टिपण, फाळणी, आकारबंद, पाहणीपत्रक हे गद्य मात्र खेड्याखेड्यांत लिहिले जात होते आणि निरक्षर माणसाचेही आयुष्य त्यावर ठरत होते. एरंडोल तर हातकागदासाठी एके काळी नावाजलेले गाव. इंग्रजी गॅझेटियरनेच त्याच्या जाड देशी कागदाची नोंद घेतली आहे. मराठी गद्याच्या पूर्वपीठिकेत या कागदावरच्या अक्षरांना एकही ओळ मिळू नये, हे त्या गद्याच्या दर्जामुळे घडलेले नाही. वाङ्मयेतिहास ज्या खिडकीतून लिहिला गेला, त्या खिडकीतून बांध दिसत नव्हता.

देशीवादाची चर्चा खानदेशच्या मातीतून आलेल्या लेखकानेच मराठीत उभी केली, ही गोष्ट येथे आठवते. तिचे ऋण मान्य करूनही एक शंका राहते. देशी म्हणजे गाव आणि गाव म्हणजे एक आवाज, असे जर होऊ लागले तर १८५२ च्या गावातला देशमुख, कुणबी, महार आणि गावाबाहेरचा भिल्ल यांना पुन्हा 'जमाव' व्हावे लागेल. या खेपेस आपल्या माणसांकडून. एरंडोलच्या प्रसंगाचा अभ्यास ब्रिटिशांना उत्तर देण्यासाठी करायचा, तर फार लवकर संपेल. तो आपल्या आपल्यांतील देणी मोजण्यासाठीही करावा लागेल, आणि तेथे साखळी कोणाची वापरायची हा वाद होईल. तो व्हावा.

बहिणाबाई चौधरींची गाणी पुस्तकरूपाने १९५२ साली आली, त्या मोजणीनंतर बरोबर शंभर वर्षांनी. मुलाने लिहून घेतली नसती तर तीही वाङ्मयेतिहासात नसती. आसोदे-जळगावच्या शेतांतून ही गाणी उमटली ती शेते तोवर क्रमांकाची झाली होती, सातबाऱ्यावर चढली होती. आजही त्या उताऱ्यावर 'आकारणी' आणि 'पोटखराब' हे शब्द आहेत; आणा नाण्यांतून १९५७ पासून गेला तरी पिकाच्या अंदाजाला गावात 'आणेवारी'च म्हणतात. या शब्दांच्या व्युत्पत्त्या आणि अर्थांतरे लिहिणे हा मराठी विभागांत सहज देता येण्यासारखा प्रबंधविषय आहे. त्यासाठी मोडी वाचता येणारा आणि घरी अहिराणी बोलणारा विद्यार्थी हवा. दुसऱ्या अटीचे विद्यार्थी एरंडोल-धरणगावच्या बाकांवर पुष्कळ आहेत. पहिलीची सोय अभ्यासमंडळांनी करायची आहे.